ट्वेंटी-थर्टीच्या किटवर घरच्या घरी अँप्लिफायर कसा बांधावा

घरच्या गणपतीला, देवळातल्या हरिपाठाला किंवा खोलीभर गाणी ऐकायला दहा-पंधरा वॉटचा अँप्लिफायर पुरतो, आणि तो स्वतःच्या हातानं बांधता येतो. बेळगावच्या बाजारात स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जाऊन "ट्वेंटी-थर्टीचं किट द्या" असं मराठीत म्हणा की कन्नडात, दुकानदार एक लहान पिशवी पुढं करतो. आत टीडीए २०३० हा पाच पायांचा चिप, एक बोर्ड आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर असतात. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आणि डबा वेगळा घ्यायचा.

चिपवरचा नंबर उजेडात धरून वाचा. नुसता २०३० असेल तर त्याला जास्तीत जास्त अधिक-उणे १८ व्होल्ट सोसतात, २०३०ए असेल तर २२. आपल्याकडं हा फरक फार महत्त्वाचा आहे. १२-०-१२ चा (म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडं १२-१२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर डायोड-कपॅसिटरनंतर साधारण १७ व्होल्ट देतो. पण रात्री शिवारातले पंप बंद झाले की लाईनचं व्होल्टेज वर चढतं, २३० च्या जागी २५० सुद्धा दिसतं. मग तेच १७ सहज १८ च्या पुढं जातात आणि साधा चिप मरतो. दिवसा छान वाजलेला सेट रात्री गेला, तर आधी हेच तपासा. साधा २०३० असेल तर ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर घ्या. आवाज थोडा कमी मिळेल, पण चिप टिकेल. २०३०ए ला १२-०-१२, दोन अँपिअरचा चालतो. चार ओहमच्या स्पीकरवर त्यातून पंधरा-अठरा वॉट निघतात. खोक्यावर शंभर वॉट छापलं असलं तरी हाच आकडा खरा माना.

आता बोर्ड. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न घ्या. आधी रेझिस्टर बसवा, मग कपॅसिटर, चिप सगळ्यात शेवटी. रेझिस्टरचे रंग नीट जुळवा: २२ किलोओहम म्हणजे लाल-लाल-नारिंगी, ६८० ओहम म्हणजे निळा-राखाडी-तपकिरी. आवाज किती पटीनं वाढणार हे या दोघांवर ठरतं (साधारण ३३ पट), म्हणून यांची अदलाबदल चालत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरचा पांढरा पट्टा उणे बाजूचा. डाग देताना आधी पाय आणि तांबं दोन्ही तापवा, मग त्यावर सोल्डर लावा. सोल्डर वितळून पायाभोवती चकचकीत पसरलं की डाग बसला. गोळी होऊन वर नुसतं टेकलं असेल तर तो ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की बोर्डावर राहिलेली सोल्डरिंगची पेस्ट ओल धरते. काम झालं की जुन्या टूथब्रशनं थिनर लावून पुसून काढा.

सप्लायला चार डायोडचा ब्रिज आणि ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे दोन कपॅसिटर लागतात. ट्रान्सफॉर्मरची मधली तार दोन कपॅसिटरच्या मधल्या जोडावर येते. तो जोड म्हणजे तुमचं ग्राउंड. स्पीकरची परतीची तार, बोर्डाचं ग्राउंड आणि इनपुटचं ग्राउंड तिन्ही वेगवेगळ्या तारांनी इथंच आणा. एकाच तारेवरून सगळं फिरवलं की स्पीकरमध्ये घूं बसते आणि ती शेवटपर्यंत जात नाही.

हीटसिंकवर माझं बरंच शिक्षण झालं. या चिपची पाठीमागची पत्री आतून तिसऱ्या पायाला, म्हणजे उणे सप्लायला जोडलेली असते. मी पहिला सेट बांधला तेव्हा चिप थेट हीटसिंकवर आवळला आणि हीटसिंक लोखंडी डब्यावर. डबा ग्राउंडला होता, म्हणजे उणे सप्लाय सरळ शॉर्ट. चिप वाचला तो फक्त सिरीज बल्बमुळं (तो काय ते पुढं सांगतो). म्हणून पत्रीखाली अभ्रकाचा तुकडा, दोन्ही बाजूंना किंचित हीटसिंक पेस्ट आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुश घाला. आवळून झालं की मल्टिमीटर बीपवर लावून एक काडी पत्रीवर, दुसरी हीटसिंकवर ठेवा. बीप वाजता कामा नये.

सिरीज बल्ब म्हणजे २३० व्होल्टच्या फेजमध्ये ओळीनं जोडलेला ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी इथं कामाचा नाही. बोर्ड न जोडता आधी नुसता सप्लाय लावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा, कुठंतरी शॉर्ट आहे. ठीक असेल तर ग्राउंडपासून अधिक आणि उणे दोन्ही व्होल्टेज मोजा, ते जवळजवळ सारखे यायला हवेत.

मग बंद करून, कपॅसिटर रिकामे होऊ देऊन बोर्ड जोडा. इनपुट ग्राउंडला टेकवा. स्पीकर अजिबात लावू नका. चालू करून आउटपुटचं डीसी व्होल्टेज बघा. काही मिलीव्होल्ट दिसले तर निर्धास्त राहा. दोन-चार व्होल्ट दिसत असतील तर स्पीकर जोडू नका, त्याची कॉइल जळेल. बहुतेक वेळा एखादा डाग राहिलेला असतो, कपॅसिटर उलटा असतो किंवा चिपच नकली असतो. आउटपुटजवळच्या एक ओहमच्या रेझिस्टरलाही बंद करून बोट लावून बघा. गाणं न लावता तो तापत असेल तर चिप कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच थरथरतोय. सप्लायच्या पायांजवळचे १०० नॅनोफॅरडचे छोटे कपॅसिटर बसलेत का ते तपासा, सप्लायच्या तारा आखूड करा.

डब्याचं फार सांगायला नको. वरखाली भोकं पाडा, ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून लांब बसवा, इनपुटला शिल्डची (जाळीचं आवरण असलेली) वायर आणि ४७ किलोओहमचा लॉग (कानाला आवाज सारखा वाढतोय असं वाटणारा) व्हॉल्यूम लावा. मेन्सला अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणभराच्या जादा करंटला न उडणारा) फ्यूज घाला आणि तिसऱ्या पिनचं अर्थिंग डब्याला जोडा. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागं तारच नसते, ते वायरमनकडून बघून घ्या.

आता एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर जोडा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि हळूहळू वाढवा. अर्धा तास वाजू द्या. मग बंद करून हीटसिंकवर तळवा ठेवा. पाच सेकंद टेकवता आला तर सिरीज बल्ब काढून चांगला स्पीकर लावा. टेकवता येत नसेल तर हीटसिंक मोठा घ्या.