जनुकीय चाचणीचा रिपोर्ट समजावण्याच्या कामाविषयी

जिनोमिक मेडिसिनमध्ये येणारे बरेच जण दोन वाटांनी येतात. काही डॉक्टर असतात, काही जीवशास्त्र शिकून जेनेटिक कौन्सेलर होतात. मी दुसऱ्या वाटेने आले. डॉक्टरांना रुग्णाशी बोलायची सवय असते, सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याची, नसते. आमचं बरोबर उलटं. पण नव्याने येणारे दोघेही रिपोर्ट हातात पडल्यावरच समजवायला बसतात. माझ्या मते या कामाचा मोठा भाग रक्त काढण्याआधीच उरकलेला असावा.

चाचणीआधीच्या भेटीत तीन पिढ्यांची वंशावळ काढा. स्तनाच्या कर्करोगासाठी आलेली बाई आई-मावशीबद्दल भरभरून सांगते; आत्या आणि वडिलांच्या आईबद्दल खोदून विचारावं लागतं. हा कर्करोग होण्याचा धोका वाढवणारा बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांमधला दोष वडिलांकडूनही येतो, हे कित्येक सुशिक्षित घरांतही कुणाच्या गावी नसतं. मग उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं हे सांगा: दोष सापडला, सापडला नाही, किंवा सापडलं ते काय आहे हे आज कळत नाही. आई, वडील आणि मूल अशी तिघांची एकत्र तपासणी असेल तर जैविक नातं उघड होऊ शकतं, हेही तेव्हाच. अवघड वाटतं, पण नंतर सांगणं त्याहून कितीतरी अवघड.

दुय्यम निष्कर्षांची परवानगीही आधीच घ्यायची. मुलाच्या फिट्ससाठी एक्झोम (जनुकांतल्या प्रथिनं बनवणाऱ्या भागांची तपासणी) केलं आणि हृदयविकाराचं जनुक समोर आलं, तर ते ऐकायचंय का? अमेरिकेतल्या एसीएमजी या संस्थेने २०१३ मध्ये अशा ५६ जनुकांची यादी दिली होती. आता ती ८० च्या पुढे गेली आहे. हंटिंग्टनसारख्या मेंदूच्या आनुवंशिक आजारात प्रश्न अधिकच टोकदार होतो. त्याच्या जनुकात सीएजी या तीन डीएनए-अक्षरांची पुनरावृत्ती ४० किंवा अधिक वेळा असेल तर पूर्ण आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच, आणि तो थांबवणारं औषध नाही. सगळं ऐकून कुणी ‘नको चाचणी’ म्हणालं तर ती भेट वाया गेली असं समजू नका.

आता व्हीयूएस, म्हणजे अर्थ अनिश्चित असलेला व्हेरियंट (जनुकातला बदल). एसीएमजी आणि एएमपी या संस्थांच्या २०१५ च्या निकषांत व्हेरियंटच्या पाच पायऱ्या आहेत. एका टोकाला रोगकारक, दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी, आणि बरोबर मध्ये हा. ‘बहुधा रोगकारक’ म्हणायलाही ९० टक्क्यांहून अधिक खात्री लागते, मग व्हीयूएसवर शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घेणार? घेऊ नये. निरोगी बहिणीचं भविष्य सांगण्यासाठी तिच्यात तोच व्हेरियंट शोधणंही चुकीचं. उपचार ठरवायचे ते रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या इतिहासावरून. पुढे वर्गीकरण बदललेले बहुतेक व्हीयूएस निरुपद्रवी ठरतात, हे रुग्णाला जरूर सांगा. ज्यांचे समूह डेटाबेसमध्ये कमी आहेत त्यांना व्हीयूएस जास्त येतात. उणीव आमच्या माहितीत आहे हे स्पष्ट बोललं की समोरच्याचा ताण बराच उतरतो.

निगेटिव्ह रिपोर्ट सोपा वाटतो आणि नवशिके नेमके तिथे घाई करतात. आईचा बीआरसीए१ दोष माहीत आहे आणि मुलीत तो नाही, तर मुलीला आईकडचा तो धोका आला नाही. घरात कुणाचाच दोष माहीत नसेल तर त्याच निगेटिव्हचा अर्थ फार मर्यादित. एक्झोम म्हणजे जिनोमचा जेमतेम १ ते २ टक्के भाग, आणि हंटिंग्टनसारख्या पुनरावृत्तीच्या दोषासाठी नेहमीचं एक्झोम भरवशाचं नाही. त्यामुळे ‘सगळं नॉर्मल आहे’ हे वाक्य मी वापरतच नाही.

आकडे माणसांत मोजून सांगा. बीआरसीए१ दोष असलेल्या १०० बायकांपैकी साधारण ७० जणींना ऐंशीच्या आत स्तनाचा कर्करोग होतो. लगेच उरलेल्या ३० जणीही सांगायच्या. काही आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात; अशा आजाराचे आई-वडील दोघेही वाहक (स्वतः निरोगी, पण एक सदोष प्रत असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब घालणारे पालक हमखास भेटतात. प्रत्येक वेळी नाणेफेक नव्याने होते एवढं सांगितलं की पटतं. त्यानंतर त्यांनाच त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचं. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला सगळे होच म्हणतात.

भेटीनंतर एक पानी पत्र द्या. नातेवाइकाची तपासणी दुसऱ्या लॅबमध्ये होणार असेल तर ‘बीआरसीए१ पॉझिटिव्ह’ एवढ्याने भागत नाही. नेमका व्हेरियंट ट्रान्सक्रिप्ट क्रमांकासह (जनुकाची कोणती संदर्भ-प्रत धरून बदल नोंदवला तो क्रमांक) हवा, म्हणून मूळ रिपोर्टची प्रत जोडा. आणि व्हीयूएस असेल तर पुन्हा विचारायला कधी आणि कुणाकडे यायचं, हे त्याच पत्रात लिहा.