छात्राध्यापकाचा पाठ फसतोय? वहीत ‘छान प्रयत्न’ लिहू नका

बी.एड.ची मुलं-मुली, म्हणजे छात्राध्यापक, आंतरवासितेला (शाळेतल्या सरावाला) आली की स्टाफरूममध्ये पहिली चर्चा ऑफ तास, म्हणजे गैरहजर शिक्षकांचे तास, कुणाला द्यायचे याची होते. पाठ कुणी बघायचे हे नंतर ठरतं. मग एखाद्याचा पाठ सरळ फसतो, आणि मागच्या बाकावर बसलेले आपण निरीक्षण वहीत लिहितो : ‘छान प्रयत्न. फलकलेखन सुधारावे.’ खाली सही. खरं मत बाहेर येतं ते थेट शेवटी, गुणांच्या वेळी. तोवर त्या पोरीला आपण पास आहोत असंच वाटत असतं. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, दर वर्षी छात्राध्यापक वाट्याला येतात, आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतले एकूण २० आठवडे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. सोळा आठवडे ऐकायला पुष्कळ. पण त्यात सण, सहामाही, स्नेहसंमेलन वजा करा. काही बिनसलंय हे दुसऱ्या आठवड्यात दिसतं, तर ते त्याच आठवड्यात बोला.

आधी नेमकं काय बिनसलंय ते शोधा. ‘वर्ग आवरत नाही’ ही तक्रार नेहमीची, पण बऱ्याचदा मूळ दुखणं आशयाचं असतं. आठवीचं ‘समांतर रेषा व छेदिका’ घ्या. एक छात्राध्यापिका फळ्यावर दोन तिरक्या रेषा काढते, त्यांना छेदणारी छेदिका काढते आणि सांगते, ‘संगत कोन समान असतात.’ रेषा समांतर असतील तरच ते समान, हे तिच्या तोंडून येत नाही, कारण तिला स्वतःलाच ते पक्कं नाही. पुढच्या बाकावरची मुलगी विचारते, ‘मॅडम, पण हे दोन तर वेगळे दिसतायत.’ मग ती फळ्याकडे तोंड करून लिहीतच राहते आणि मागे गलका सुरू होतो. इथे ‘आवाज वाढवा’ म्हणून काहीच साधत नाही. मोकळ्या तासाला तिला शेजारी बसवा, तोच सरावसंच तिच्याकडून सोडवून घ्या आणि प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारा. दहा मिनिटांत कळतं.

निरीक्षण वहीत विशेषणं नकोत, घडलं ते लिहा. ‘११.१०, समजलं का? तीनदा विचारलं, मुलं एकसुरात हो म्हणाली. ११.१८, शेवटच्या दोन बाकांवर कुणाच्याच वहीत आकृती नाही. सगळे प्रश्न खिडकीकडच्या रांगेला.’ याच्यावर वाद होत नाही आणि रडूही कमी येतं. ‘आत्मविश्वास कमी’ या शब्दांचं त्या बिचारीने करायचं काय?

मग एका वेळी एकच गोष्ट हातात द्या. या आठवड्यात फक्त प्रश्न : वर्गाला विचारायचा, थांबायचं, मग नाव घ्यायचं. फळा, आवाज, साधनं पुढच्या आठवड्यात. आणि तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर परत घ्यायला लावा. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकेक कौशल्य छोट्या पाठातून घोटण्याचं, ३६ मिनिटांचं चक्र या सगळ्यांनी कॉलेजात केलेलं असतं : ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. तिथे समोर विद्यार्थी म्हणून मैत्रिणी बसलेल्या असतात. शाळेत खरी मुलं असतात, ‘अ’ आणि ‘ब’ अशा तुकड्याही असतात, आणि नेमकं इथेच पुनर्पाठ कुणाला आठवत नाही. फारच डळमळीत असेल तर पूर्ण तास देऊच नका. पंधरा मिनिटं तिची, उरलेली तुमची.

वर्गात मधेच उठून चूक दुरुस्त करायची ओढ आवरा. मुलांच्या मनात फार चुकीचं बसत असेल तर ‘मॅडम, मला एक शंका आहे’ म्हणून हात वर करा. मुलांसमोर ‘मॅडम’च, ‘अगं, ते टाचण (पाठाचं लेखी नियोजन) कुठून उतरवलंस?’ हे नंतर, आणि स्टाफरूमच्या टेबलावर चौघांत नाही. टाचण मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलेलं लगेच ओळखू येतं. आदल्या दिवशी टाचण दाखवल्याशिवाय पाठ नाही, एवढा एक नियम पुरतो.

दांड्या असतील तर रागावण्याआधी कारण विचारा. कुणाचं बाळ लहान असतं, कुणी संध्याकाळी क्लासवर शिकवतं, कुणाची एसटीच पहिल्या तासानंतर पोचते. पहिला तास बदलून देणं आपल्या हातात आहे. मस्टरवर मागच्या तारखांच्या सह्या करू देणं मात्र नाही. आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

चौथ्या आठवड्यापर्यंत फरक नसेल तर कागद करा. एक पान बास : काय दिसलं, काय ठरलं, परत कधी बघणार, दोघींच्या सह्या. प्रत मुख्याध्यापकांना आणि कॉलेजच्या मेथडच्या (विषयाची अध्यापनपद्धती शिकवणाऱ्या) सरांना. मग तिला समोर बसवून चौघांनी बोला. तिच्या माघारी फोनवर ठरवाठरवी नको. तिची बाजूही ऐका. रोज चार ऑफ तास आणि वर घटक चाचणीचे गठ्ठे तपासायला दिले असतील, तर टाचण लिहायचं कधी? तसं असेल तर तो गठ्ठा परत घ्यायचा.

काही बाबतीत मात्र चौथ्या आठवड्याची वाट बघायची नाही. हात उगारला, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून टोमणा मारला, विद्यार्थिनीला खासगी मेसेज केले, की पाठ त्याच दिवशी थांबवा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, आणि छात्राध्यापक शिकाऊ आहे ही सबब तिथे चालवून घेऊ नका. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर पॉक्सो २०१२ या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. ‘मुलगा चांगल्या घरचा आहे, मिटवून टाकू’ हे ऐकून घेऊ नका.

गुण आणि पुढचा निर्णय कॉलेजचा, पण अभिप्राय आपला. सुधारणा झालीच नाही तर तसंच लिहा, तारखांसह आणि त्या पानाच्या प्रती जोडून. अर्धवट सुधारणा असेल तर काय जमतं आणि काय अजून नाही हे दोन वेगळ्या ओळींत लिहा. आणि छेदिकेचा तो घटक चाचणीच्या आधी स्वतः परत घ्या. त्या तासाला तिलाही वर्गात ठेवा, शेवटच्या दोन बाकांजवळ, मुलांच्या आकृत्या बघायला.