मोबाईलवर माहिती शोधताना या चुका टाळा

गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पीएम किसानची केवायसी, दिवसभर हेच. जो येतो तो मोबाईल पुढे करतो, "भाऊ, गूगलवर आलंय." आलंय, पण कधीचं?

तारीख न पाहणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. २०२४-२५च्या हंगामात माझ्या मावसभावाने कापूस विकलाच नाही. 'कापूस १० हजार पार' ही बातमी त्याला सापडली होती. घरातली एक खोली छताला टेकेपर्यंत कापसाने भरलेली, पोरांच्या अंगाला खाज सुटलेली, वहिनी रोज म्हणायची विकून टाका. उन्हाळा लागल्यावर तो दुकानात आला. मी बातमी उघडून मथळ्याखालची बारीक ओळ दाखवली: २०२२. त्या वर्षी भाव खरंच तिथवर गेले होते, बातमी खोटी नव्हती. पण २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभावच क्विंटलला ७,५२१ रुपये होता. तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला.

मी भाव शोधताना साल आणि तालुका दोन्ही टाकतो, आणि शेवटी बाजार समितीत फोन करतोच. सगळ्यांत वर जे तयार उत्तर येतं, त्यावर माल अडवून ठेवू नका.

दुसरी चूक, व्हिडिओ पाहून तीन-तीन औषधं एका पंपात कालवणं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तरी घाई सुटत नाही. व्हिडिओवाला कुठला, औषध कोण विकतंय, आधी हे बघा. कपाशीचंच बघा: गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, तिथे फवारा पोचत नाही. म्हणून वावरात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावून पतंग मोजायचे. सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग दिसले की मग फवारणी. शंका असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. फोन फुकट आहे.

चार साइटवर तेच वाक्य दिसलं म्हणजे चार पुरावे झाले नाहीत, एकाचंच तिघांनी उचललेलं असतं.

योजनेची साइट असेल तर पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' बघा.

बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, पासबुकावरचा लावा. फसवणुकीत पैसे गेलेच तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग माझ्याकडे या.