अनेक युनिक्स संगणकांवरील पासवर्ड एका ठिकाणी कसे आणावेत

युनिक्स किंवा लिनक्सचा एकच संगणक असतो तेव्हा वापरकर्त्याची माहिती 'पासडब्ल्यूडी' फाइलमध्ये आणि पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेले, उलट न उलगडणारे रूप) सामान्य वापरकर्त्याला वाचता न येणाऱ्या 'शॅडो' फाइलमध्ये ठेवला की पुरते. संगणक दहा झाले की तोच पासवर्ड दहा ठिकाणी बदलावा लागतो आणि एखादे ठिकाण हमखास राहून जाते. शॅडो फाइल स्क्रिप्टने सगळीकडे पाठवण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक प्रत म्हणजे चोरीची आणखी एक जागा असते.

केंद्रीय सर्व्हर बसवण्याची घाई करण्याआधी यूआयडी, म्हणजे वापरकर्त्यांचे ओळखक्रमांक, जुळवून घ्यावेत. माझ्या मते या साऱ्या कामातला सर्वांत किचकट आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. फाइलचा मालक कोण हे कर्नल (प्रणालीचा गाभा) नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखतो. एका संगणकावर १००१ हा क्रमांक एकाचा आणि दुसऱ्यावर दुसऱ्याच कोणाचा असेल, तर एनएफएस या नेटवर्कवरील फाइल-वाटपाच्या पद्धतीने सामायिक केलेल्या फाइली भलत्याच माणसासाठी उघड्या होतात. म्हणून सर्व संगणकांवरील पासडब्ल्यूडी फाइली एकत्र करून प्रत्येक नावाला एकच क्रमांक ठरवावा. बहुतेक लिनक्स वितरणांत स्थानिक खात्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात, त्यामुळे केंद्रीय क्रमांक १०,००० च्या पुढे ठेवल्यास गल्लत होत नाही. 'यूजरमॉड' आज्ञा क्रमांक बदलताना होम डिरेक्टरीतील फाइलींची मालकी बदलते, पण बाहेरच्या फाइली तशाच राहतात. त्या जुन्या क्रमांकाने 'फाइंड' वापरून शोधाव्यात आणि 'चोन'ने नव्या क्रमांकाकडे द्याव्यात. गटांच्या क्रमांकांचेही असेच करावे.

सन मायक्रोसिस्टिम्सची एनआयएस ही खाती आणि पासवर्ड एका ठिकाणी ठेवण्याची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी भेटते. तिचे मूळ नाव यलो पेजेस असल्यामुळे तिच्या आज्ञा 'वायपी'ने सुरू होतात. सामान्य मांडणीत नेटवर्कवरील कोणीही 'वायपीकॅट' चालवून सर्वांचे हॅश मिळवू शकतो, म्हणून ती नव्याने उभारू नये.

आज दोन प्रश्न वेगळे ठेवणे योग्य ठरते. 'हा वापरकर्ता कोण?' याचे उत्तर एलडॅप ही नेटवर्कवरील खात्यांची निर्देशिका देते, आणि 'तो खरोखर तोच आहे का?' हे एमआयटीत विकसित झालेले केर्बेरॉस तपासते, ज्यात पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही. फ्रीआयपीए हे सर्व्हरचे सॉफ्टवेअर या दोन्हींना एकत्र बांधते आणि प्रत्येक संगणकावर एसएसएसडी ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा त्याच्याशी बोलते. सर्व्हरची किमान एक प्रतिकृती ठेवावी. सर्व संगणकांची घड्याळे क्रोनी या प्रोग्रॅमने जुळवावीत, कारण सामान्यतः ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर केर्बेरॉस प्रवेश नाकारते. जुन्या हॅशपासून केर्बेरॉसची किल्ली तयार करता येत नाही, त्यामुळे प्रत्येकाला एकदा तरी पासवर्ड टाकावाच लागतो; हे वापरकर्त्यांना आधीच सांगून ठेवावे.

संगणक जोडताना रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचे, एक सत्र उघडे ठेवावे, 'गेटेंट' आणि 'आयडी' या आज्ञांनी नाव व क्रमांक तपासावेत, आणि मगच दुसऱ्या टर्मिनलवरून लॉगिन करून पाहावे. रूट खाते स्थानिकच राहू द्यावे, म्हणजे नेटवर्क बंद पडले तरी दार उघडता येते.

सर्वांत धोकादायक चूक यानंतर होते. खात्यांची माहिती कोणत्या क्रमाने शोधायची हे ठरवणाऱ्या 'एनएसस्विच' फाइलमध्ये बहुधा स्थानिक फाइली आधी पाहिल्या जातात, त्यामुळे त्याच नावाची जुनी स्थानिक नोंद राहिली असेल, तर केंद्रीय खाते बंद केल्यावरही जुना पासवर्ड चालू शकतो. खात्री पटताच ती नोंद 'यूजरडेल'ने काढावी, मात्र होम डिरेक्टरी पुसणारा पर्याय वापरू नये.

कोणी काम सोडून गेले की केंद्रीय खाते बंद करावे, चालू सत्रेही संपवावीत, कारण ती आपोआप तुटत नाहीत. एसएसएसडीत पासवर्ड साठवण्याची सोय चालू असल्यास त्याची मुदत दिवसांत ठरवून द्यावी. मूळ मांडणीत ती अमर्याद असते, आणि नेटवर्कपासून तुटलेल्या लॅपटॉपवर बंद केलेले खातेही उघडत राहते.