कुवेतचं कामाचं पत्र आलं? आधी नकाशा उघडा

पगाराच्या आकड्याआधी पत्रात कामाची जागा बघा. नुसतं ‘कुवेत’ असेल तर भागाचं नाव एजंटाकडून लेखी घ्या. देश 17,818 चौ. किमीचा, आपल्या बेळगाव जिल्ह्याहून साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठा. पण वस्ती बहुतेक पूर्वेच्या किनारपट्टीला, बाकी सगळं वाळवंट.

नकाशावर समुद्र आत शिरलेली खाच दिसते, तो कुवेतचा उपसागर. त्याच्या दक्षिण काठावर राजधानी. सालमिया, फरवानिया, मंगाफ, फहाहील यांपैकी नाव असेल तर बस, दुकानं आणि भारतीय माणसं हाताशी असतात. अहमदी म्हणजे तेलाचं गाव. शेजारच्या बुरगानला 1938 मध्ये तेल लागलं आणि 1946 पासून ते परदेशी जाऊ लागलं. अब्दली इराकच्या हद्दीला, वफ्रा सौदीच्या. दोन्हीकडे शेतमळे आहेत आणि शहर लांब. असल्या ठिकाणी मुक्काम कॅम्पात असेल, तर जेवण कोणाचं आणि शुक्रवारी शहरात जायला गाडी मिळते का, हे सही करण्याआधी विचारा.

उन्हाचं गणित वेगळं आहे. मित्रिबा इथं 21 जुलै 2016 ला 53.9 अंशांची नोंद झाली. 1 जून ते 31 ऑगस्ट, सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. ते तास पहाटे भरून घेतात की संध्याकाळी, ते विचारून ठेवा. कोरड्या हवेत घाम अंगावरच वाळतो. घाम दिसत नाही म्हणून माणूस पाणी कमी पितो आणि चक्कर येऊन पडतो. तहानेची वाट बघू नका. किनाऱ्याला ऑगस्ट-सप्टेंबरात उलट दमटपणा छळतो.

वर्षाचा पाऊस जेमतेम 110-120 मिमी. कणकुंबीला आषाढात एका दिवसात तेवढा पडू शकतो. नदी नाही, राकसकोपसारखा तलाव नाही. समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं. गच्चीवरची टाकी उन्हाळ्यात इतकी तापते की गार नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. त्यावर तिथली युक्ती अशी: गीझर घरात असेल तर तो बंद ठेवायचा आणि गरम नळाचं पाणी वापरायचं. घरात साठलेलं ते पाणी गच्चीवरच्यापेक्षा गार असतं. जाडी चादर आणि स्वेटर मात्र न्या, जानेवारीत वाळवंटातली रात्र चांगलीच गारठते.

दिनार 1000 फिल्सचा, म्हणून दशांशानंतर तीन आकडे. 120.500 म्हणजे साडेएकशेवीस दिनार, एक लाख वीस हजार पाचशे नव्हे. पत्ता भाग, ब्लॉक, रस्ता, इमारत या क्रमाने सांगतात. ब्लॉकला अरबीत ‘कता’. इमारतीवरचा पासी नंबर (प्रत्येक इमारतीला दिलेला सरकारी क्रमांक) फोनमध्ये ठेवा, टॅक्सीवाल्याला तेवढा पुरतो.

25 आणि 26 फेब्रुवारीला सुट्टी असते: पहिला राष्ट्रीय दिन, दुसरा 1991 साली इराकी सैन्यापासून सुटका झाल्याचा. त्या लढाईतला न फुटलेला दारूगोळा वाळवंटात अजून सापडतो. पावसाने वाळू वाहून गेली की तो वर येतो. फिरायला गेलात तर धातूची कुठलीही वस्तू उचलू नका, पायानेही ढकलू नका.