पाठ केलेले टिकवायचे असेल तर
जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून १८८५ मध्ये दाखवून दिले की विस्मरणाचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावत जातो. म्हणून पहिली उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्रीवर न ढकलता दुसऱ्याच दिवशी करावी आणि त्यानंतरचे अंतर तीन दिवस, आठवडा, महिना असे वाढवत न्यावे. हे आकडे काटेकोर नाहीत. अंतर वाढत जाणे महत्त्वाचे.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. पुस्तक मिटून आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहावे आणि मगच ते मूळ मजकुराशी ताडून पाहावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले, परंतु आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पुनर्वाचनाने मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजून बसतो, हा त्यातला फसवा भाग.

दोन राजवटींच्या सनावळ्या लागोपाठ पाठ केल्यास त्या एकमेकींत मिसळतात, त्यामुळे मध्ये गणितासारखा वेगळा विषय घ्यावा. झोप मात्र कमी करू नये, कारण शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच चालते.