आकसलेली गोधडी

नाशिकच्या थंडीसाठी आम्ही चार मैत्रिणींनी मिळून शिवलेली चिंध्यांची गोधडी पहिल्याच धुण्यात मधोमध गोळा झाली. दोष टाक्यांचा नव्हता. अनेकदा धुतलेल्या जुन्या नऊवारीशेजारी मी शिंप्याकडचे कोरे सुती तुकडे जोडले होते, आणि कोरे सुती कापड विणताना ताणलेले असल्यामुळे पहिल्या पाण्यात आकसते. ते ७ तुकडे उसवले, त्यांच्या जागी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री केलेले नवे तुकडे शिवणीपुरते कापड जादा ठेवून बसवले आणि धावदोरा या वेळी मध्यापासून कडेकडे घातला. लाल तुकड्याचा रंग मात्र पांढऱ्या अस्तराला लागला तो लागलाच. शिवण्याआधी ओल्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहण्याचे शहाणपण मला उशिरा सुचले. गोधडी महिन्यागणिक घर बदलते. सध्या ती पंचवटीतल्या मैत्रिणीकडे आहे.